बजेट निम्मं, माध्यमं बदललेली: पीआरमध्ये राहावं का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत काम झालंय. गेल्या वर्षभरात तीन क्लायंटनी रिटेनर, म्हणजे दरमहाची ठरलेली फी, थांबवला, टीम निम्मी झाली. ओळखीच्या बातमीदारांपैकी बरेच जण नोकरी सोडून गेले किंवा काढले गेले. सोशल मीडियावर आज जे चालतं ते सहा महिन्यांनी चालत नाही. उरलेले क्लायंट रोज आकडे मागतात. एका कंपनीच्या कम्युनिकेशन विभागात थोड्या कमी पगाराची जागा आहे. क्षेत्र सोडावं, तिकडे जावं, की आहे तिथेच तग धरावा?

मी या कामात सव्वीस वर्षं आहे. निम्मी एजन्सीत गेली, निम्मी कंपन्यांच्या आत. २००८ सालची मंदी एजन्सीत असताना पाहिली आणि २०२० चा धक्का कंपनीत असताना. दोन्ही वेळा हाच प्रश्न मला स्वतःला पडला होता, म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुम्ही सहा वर्षांत जे शिकलात त्यातलं बरंचसं काम क्लायंटला ‘दिसतं ठेवण्याचं’ असणार. प्रेस नोट, मुलाखत, उद्घाटनाची बातमी, पुरस्कार, इन्फ्लुएन्सरचा कार्यक्रम. पैसा आटला की हे काम सगळ्यात आधी कापलं जातं आणि त्यात अन्याय काही नाही. ज्या कंपनीला पुढच्या तिमाहीचे पगार कसे द्यायचे याची चिंता आहे, तिने संचालकांच्या मुलाखतीवर पैसे खर्च करू नयेत हे बरोबरच आहे. पण त्याच कंपनीत त्याच महिन्यात दुसरं एक काम वाढलेलं असतं. कर्मचाऱ्यांना कपात सांगायची असते, पुरवठादारांना उशिरा पैसे मिळणार हे सांगायचं असतं, गुंतवणूकदारांना तोटा सांगायचा असतो, ग्राहकांना भाववाढ सांगायची असते. वाईट बातमी योग्य माणसाला, योग्य क्रमाने, खऱ्या शब्दांत सांगणं हे मंदीतलं पीआर आहे. ते करता येणारी माणसं फार थोडी आहेत. तुम्ही त्यांतले होऊ शकता का, यावर तुमचं उत्तर ठरेल.

हे काम नवीन नाही. आयव्ही ली या माजी पत्रकाराने १९०६ साली अमेरिकेत आपल्या कामाची तत्त्वं लिहून वृत्तपत्रांना पाठवली. आमचं काम उघडपणे चालतं, माहिती अचूक देऊ, कुणाला तपासून पाहायची असेल तर मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अपघात दडपण्याची होती. ली यांनी रेल्वे कंपनीतर्फे निवेदन काढलं आणि बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. आपल्या व्यवसायातली पहिली प्रेस नोट म्हणून तिचाच उल्लेख होतो. म्हणजे या धंद्याचा जन्मच वाईट बातमी सांगण्यातून झाला. झगमगाट नंतर आला.

आता सोशल मीडियाने या कामात नेमकं काय बदललं ते पाहू. लोक म्हणतात वेग वाढला. ते खरं आहे, पण वेग किती वाढला याचा अंदाज दोन बँकांवरून येतो. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेने मध्यवर्ती बँकेकडे मदत मागितल्याची बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा लागल्या. सरकारने ठेवींची हमी द्यायला तीन-चार दिवस घेतले, तेवढी सवड मिळाली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला तशी सवड मिळालीच नाही. ८ मार्चला बाजार बंद झाल्यावर बँकेने जाहीर केलं की रोखे विकून १८० कोटी डॉलरचा तोटा झालाय आणि आता नवं भांडवल उभं करायचंय. त्याच दिवशी सिल्व्हरगेट ही दुसरी एक बँक गाशा गुंडाळत असल्याची बातमी आली होती. ठेवीदार मुख्यतः नवउद्योगांचे लोक, सगळे एकमेकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि ट्विटरवर. बँकेच्या प्रमुखांनी ९ तारखेला ग्राहकांना शांत राहा असं सांगितलं. त्या एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढले गेले. १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली.

बँक बुडायची मुळं ताळेबंदात होती, व्याजदर वाढल्यावर रोख्यांची किंमत घसरली होती. पीआरने ते दुरुस्त झालं नसतं. पण घोषणेची वेळ, शब्द आणि क्रम बघा. भांडवल हाती यायच्या आधी तोटा सांगितला. मोठ्या ठेवीदारांना आधी फोन करून समजावलेलं नव्हतं. आणि घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हटलं की तो पहिल्यांदा हाच विचार करतो की घाबरण्यासारखं काहीतरी आहे. कोणत्याही निवेदनात ‘काळजीचं कारण नाही’ हे वाक्य मी आजही लिहू देत नाही. त्याऐवजी माणसाला त्याच्या पैशाचं, नोकरीचं, मालाचं काय होणार ते सांगा. सांगता येत नसेल तर कधी सांगणार ती तारीख आणि वेळ द्या.

दुसरा बदल मला वेगापेक्षा मोठा वाटतो. कंपनीच्या आतलं आणि बाहेरचं असा फरक उरलेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधली एचएमव्ही ही संगीत-चित्रपटांच्या दुकानांची साखळी दिवाळखोरीत गेली होती आणि कर्मचारी कपात चालू होती. कपातीची बैठक सुरू असतानाच कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून तिचं थेट वर्णन सुरू झालं, कारण खात्याचा पासवर्ड कपात होणाऱ्यांकडेच होता. मार्केटिंगचे संचालक ट्विटर बंद कसं करायचं असं विचारताहेत, हेही त्याच खात्यावरून जगाला कळलं. या घटनेतून बहुतेक कंपन्या पासवर्ड सांभाळायला शिकल्या. मी वेगळं शिकले. त्या माणसांना कुणी समोर बसवून नीट सांगितलेलं नव्हतं, हा मूळ प्रश्न होता. पासवर्ड काढून घेतला असता तर त्यांनी स्वतःच्या खात्यावर लिहिलं असतं.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगते, कारण त्यामुळेच मी या कामाकडे असं बघायला लागले. २००९ च्या सुरुवातीला आमच्या एका क्लायंट कंपनीने एक विभाग बंद करायचं ठरवलं. मी प्रेस नोट लिहिली. त्यात ‘पुनर्रचना’ हा शब्द तीनदा होता आणि ‘नोकऱ्या’ हा शब्द एकदाही नव्हता. बातमीदारांना दिलेली नोट त्यांनी दुपारी चारपर्यंत राखून ठेवायची होती, कर्मचाऱ्यांची बैठक तीनला होती. एका बातमीदाराने दीडलाच बातमी लावली. तिथल्या लोकांना आपली नोकरी गेल्याचं नातेवाइकांच्या फोनवरून कळलं. एक गृहस्थ, एकवीस वर्षं नोकरी झालेले, मला एवढंच म्हणाले, “तुम्हाला आधी पत्रकाराला सांगावंसं वाटलं?” मी त्या बातमीदारावर चिडले होते. पण चूक माझी होती, क्रम मी ठरवला होता. तेव्हापासून कपातीच्या कोणत्याही कामात मी आधी क्रम लिहिते, मग मजकूर.

तो क्रम असा. आधी जे व्यवस्थापक ही बातमी कर्मचाऱ्यांना सांगणार आहेत त्यांना, पण एक दिवस आधी नव्हे, तासभर आधी, प्रश्नोत्तरांच्या कागदासह. मग ज्यांची नोकरी जाणार त्यांना, एकेकाला, माणसाच्या तोंडून. मग लगेच उरलेल्यांना, कारण आपला नंबर कधी लागणार याची भीती त्यांच्या मनात असते आणि ते काम सोडून फोनवर असतात. मग मोठे ग्राहक, पुरवठादार. पत्रकार शेवटी, पण त्याच दिवशी. बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर शेअर बाजाराला आधी कळवण्याचे नियम वर येतात, तिथे कायदा विभागाला विचारून मिनिटांचा हिशोब मांडावा लागतो. या सगळ्याला पूर्वी दोन दिवस मिळायचे, आता दोन तास. आणि कर्मचाऱ्यांना जाणारा प्रत्येक ईमेल जगजाहीर होणार असं धरूनच लिहायचा. स्क्रीनशॉट निघतोच.

चांगल्या पद्धतीने झालेलं उदाहरणही द्यायला हवं. मे २०२० मध्ये प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीने सुमारे १,९०० लोक कमी केले, म्हणजे जवळपास पाव कंपनी. कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांचं पत्र आजही वाचण्यासारखं आहे. पैसे किती आटले, कोणते उपक्रम थांबवतोय, माणसं कोणत्या निकषावर निवडली, त्यांना किमान किती आठवड्यांचा पगार, विमा किती काळ, लॅपटॉप परत द्यायचा नाही, दुसरी नोकरी शोधायला काय मदत, सगळं क्रमाने. त्या पत्राच्या भाषेचं फार कौतुक झालं. पण भाषा तिथे दुय्यम आहे. चौदा आठवड्यांचा पगार द्यायचा हा निर्णय आधी झाला होता म्हणून ते वाक्य लिहिता आलं. याउलट डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखाने काही मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सुमारे ९०० जणांना काढलं आणि काही दिवसांत माफी मागावी लागली. निर्णय वाईट पद्धतीने घेतला असेल तर चांगला लेखक त्याला वाचवू शकत नाही. म्हणून कम्युनिकेशनचा माणूस निर्णय होताना खोलीत हवा. निर्णय झाल्यावर ‘जरा नीट शब्दांत मांडून दे’ असं सांगितलं जात असेल तर तुम्ही टंकलेखनिक आहात, पदाचं नाव काहीही असो.

आता माध्यमांबद्दल. तुम्ही म्हणता आज चालतं ते सहा महिन्यांनी चालत नाही. माझा अनुभव असा की माध्यम बदलतं तेव्हा आपण दुसऱ्याच्या जागेत भाड्याने राहतोय याची आठवण होते, एवढंच. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की न्यूज फीडमध्ये कंपन्यांपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं पानाला लाइक मिळवण्यात पैसा घातला होता, त्यांच्या हातात उरलं ते जाहिरात देणं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर ४,४०० कोटी डॉलरला विकलं गेलं आणि महिन्याभरात खातं खरं असल्याची ओळखीची निळी खूण पैसे देऊन कुणालाही मिळू लागली. लगेचच एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी खातं काढलं, खूण विकत घेतली आणि इन्सुलिन आता मोफत आहे असं लिहिलं. कंपनीला खऱ्या खात्यावरून दिलगिरी व्यक्त करून खुलासा द्यावा लागला.

त्या प्रकरणाचा धडा बहुतेकांनी ‘खोट्या खात्यांपासून सावध’ असा काढला. मला तो अपुरा वाटतो. अशी खोटी खाती त्या आठवड्यात अनेक कंपन्यांची निघाली होती. हीच इतकी का पसरली? कारण अमेरिकेत इन्सुलिनच्या किमतींवर लोकांचा राग खरा होता. अफवा तिथेच रुजते जिथे जमीन आधी भिजलेली असते. पुढच्या मार्चमध्ये त्याच कंपनीने इन्सुलिनच्या दरात ७० टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली. त्यामागे कायद्यातले बदल, राजकीय दबाव अशी कारणं होती, एका ट्वीटमुळे ते झालं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या क्लायंटबद्दल लोक कोणती खोटी गोष्ट चटकन खरी मानतील, हा प्रश्न विचारून बघा. त्याचं उत्तर म्हणजे तुमच्या पुढच्या संकटाचा पत्ता. हा प्रश्न मी दर सहा महिन्यांनी विचारते, आणि क्लायंटला त्याचं उत्तर आवडत नाही.

भाड्याच्या जागेला पर्याय काय, तर स्वतःची जागा. कंपनीची वेबसाइट नीट, तिच्यावर खुलाशासाठी एक कायमचं पान. ग्राहकांच्या आणि पुरवठादारांच्या ईमेलची यादी, त्यांच्या परवानगीने घेतलेली. शंभर माणसांचे फोन नंबर जे तुमचा फोन उचलतात. माध्यमं बदलली तरी ही यादी बदलत नाही. बातमीदारांबद्दलही तेच. वर्तमानपत्रातून काढलेला बातमीदार नाहीसा होत नाही. तो न्यूजलेटर काढतो, पॉडकास्ट करतो, दुसऱ्या विषयाच्या बातम्या करतो, कधी दुसऱ्या कंपनीत प्रवक्ता होतो. त्याची नोकरी गेली त्या आठवड्यात त्याला फोन करा, काहीही न मागता. आणि जे डेस्कवर उरलेत त्यांच्यावर तिघांचं काम आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या पिचेस, म्हणजे बातमी सुचवणारे ईमेल, त्यांच्या इनबॉक्समध्ये ढिगाने येतात, गोडगोड आणि सगळ्या सारख्या. त्यांना हवं असतं ते म्हणजे तपासलेला आकडा, बोलायला तयार असलेला खरा माणूस, आणि तासाभरात मिळणारं उत्तर. ‘याबद्दल आमच्याकडे आत्ता माहिती नाही, पाचला सांगतो’ असं म्हणून पाचला खरंच सांगणाऱ्या पीआरवाल्याला ते विसरत नाहीत.

आकड्यांचा तगादा. कव्हरेजच्या जागेची जाहिरातीच्या दराने किंमत काढून ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा अहवाल अजून कुणी मागत असेल तर स्पष्ट नकार द्या. २०१० साली बार्सिलोनात मोजमाप करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन जी तत्त्वं मान्य केली त्यांत हे लिहिलेलंच आहे की जाहिरातमूल्य म्हणजे पीआरचं मूल्य नव्हे. मंदीत या आकड्याचा तोटा जास्त, कारण वित्त विभाग लगेच विचारतो की इतक्या लाखांचं मिळालं तर विक्री का पडली. त्याऐवजी अशा गोष्टी मोजा ज्या क्लायंट आधीच मोजतो: घोषणेनंतर ग्राहक सेवेकडे आलेले फोन, कपातीनंतर स्वतःहून राजीनामा देणारे, चुकीची बातमी किती वेळात दुरुस्त झाली, पत्रकाराच्या प्रश्नाला पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं. हे आकडे छोटे असतात, पण बैठकीत त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही.

पैशाचं थोडक्यात. क्लायंट ‘तीस टक्के कमी करा’ म्हणाला की दर कमी करू नका, काम कमी करा. उतरवलेला दर चांगले दिवस आले तरी परत चढत नाही, हे मी २००८ नंतर पाच वर्षं भोगलं. कोणतं काम बंद होईल आणि त्याने कोणता धोका वाढेल हे एका पानावर लिहून द्या. निम्म्या वेळा तो क्लायंट वीस टक्क्यांवर थांबतो. आणि बिलं तुंबू देऊ नका. एजन्सी सहसा काम नसल्यामुळे बुडत नाही, नव्वद दिवस पैसे न आल्यामुळे बुडते.

हात आखडला की आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. नको तो क्लायंट गोड वाटायला लागतो. खोटी परीक्षणं, विकत घेतलेले फॉलोअर, पैसे घेतल्याचं न सांगणारे इन्फ्लुएन्सर, विरोधकाविरुद्ध कुजबूज. लंडनमधली बेल पॉटिंजर ही त्या काळातली नावाजलेली एजन्सी. दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी तिने चालवलेल्या मोहिमेने तिथला वांशिक तणाव भडकवला असं निष्पन्न झालं. ते काम महिना सुमारे एक लाख पौंडांचं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पीआर व्यवसायाच्या संघटनेने तिला काढून टाकलं आणि पुढच्या काही दिवसांत एजन्सीच दिवाळखोरीत गेली. इतर अनेक क्लायंट निघून गेले. तिथे माझ्या-तुमच्यासारखी शेकडो माणसं नोकरीला होती, ज्यांचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. तुमच्या एजन्सीत असं काम येत असेल तर तग धरण्याचा प्रश्नच नाही, बाहेर पडा.

आता तुमची ती जागा. कमी पगार हा माझ्या मते आड येणारा मुद्दा नाही, तुमचं घर चालत असेल तर. मी स्वतः गेले तेव्हा जवळपास पाचवा हिस्सा सोडला होता. आतल्या कामात लिखाण कमी आणि बसून ऐकणं जास्त असतं, पहिलं वर्ष कंटाळवाणं जातं. एजन्सीत आठ उद्योग एकदम शिकता येतात, ते थांबतं. पण कपात, तोटा, कारखाना बंद होणं, या गोष्टी आतून कशा ठरतात ते तिथेच दिसतं आणि मंदी हीच ते शिकायची वेळ आहे.

मुलाखतीला जा आणि तीन गोष्टी विचारा. हे पद कुणाला जबाबदार आहे, मार्केटिंगला की थेट प्रमुखांना? गेल्या वाईट बातमीच्या वेळी कम्युनिकेशनला किती दिवस आधी कळलं होतं? आणि रात्री अकराला पत्रकाराचा फोन आला तर मी कुणाला उठवू शकतो? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी एका माणसाचं नाव घेतलं तर जा. एखाद्या समितीचं नाव घेतलं तर सध्या आहात तिथेच थांबा, वर सांगितलेली शंभर नावांची यादी करायला घ्या, आणि दुसरी जागा शोधत राहा.